ज्येष्ठ नावाचं फोल्डर

गुरुवारी सकाळी आनंदराज गजभारेनं फोटोच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर उचललं, वाकून आत शिरला आणि दिवा न लावताच कॉम्प्युटर चालू केला. ड्रॉवरमधली काळी हार्ड डिस्क काढून तिची वायर जोडली. डिस्कवरचा बारका निळा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला आणि पडद्यावर एक चौकोन आला. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, फॉरमॅट करायची का, एवढंच त्यात विचारलेलं होतं. त्यानं वायर काढून दुसऱ्या खोबणीत घातली. तोच चौकोन. कपाटातून दुसरी वायर शोधून तीही लावून पाहिली. मग डिस्कची माहिती काढली, तर दोन टीबीच्या जागी शून्य, आणि फाइल सिस्टिमच्या पुढं नुसतं 'रॉ'. बारा वर्षांची लग्नं, साखरपुडे, वास्तुशांती, शाळांचे निरोप समारंभ, सगळं त्या शून्यात. गेल्या वर्षापासून ही डिस्क लावली की 'यात बिघाड आहे, तपासू का' असं अधूनमधून येत होतं, आणि प्रत्येक वेळी घाईत तो ते बंद करत आला होता. आता अशा वेळी माणसानं कपाळाला हात लावायला पाहिजे. आनंदराजनं लावला नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं. खुर्चीला पाठ टेकून तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं नीट श्वास घेतला. मग आपल्याला नेमकं कशाचं बरं वाटलंय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

मंगळवारी पहाटे बाबा गेले होते. व्यंकटराव गजभारे, रेल्वेतून निवृत्त झालेले खलाशी, वय शहात्तर, झोपेतच गेले. दुपारी घाटावरून सगळे परत आले, पायावर पाणी घेतलं, आणि घरात माणसं टेकतात न टेकतात तोच विशाखानं, त्याच्या बायकोनं, फोटोचा विषय काढला. रविवारी पुण्यानुमोदन. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांच्या शेजारी बाबांचा फोटो ठेवावा लागणार, पांढऱ्या कपड्यातली माणसं रांगेनं येऊन त्यापुढं फुलं ठेवणार, चौकात बॅनर लागणार. फोटो कोणता? नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये बाबा होते, पण कुठं अर्धे, कुठं कुणाच्या तरी मागं, कुठं जेवताना. रेल्वेच्या पासावर होते ते तिशीतले, मिशावाले. तेव्हा आनंदराज सगळ्यांदेखत म्हणाला, "फोटोचं मी बघतो. माझ्याकडं हाय." लातूरहून आलेली धाकटी बहीण रूपाली ते ऐकून तोंडाला पदर लावून रडली. कुणी शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता. गजभारे फोटोवाल्याकडं स्वतःच्या बापाचा फोटो नसेल असं कोण म्हणणार? पण तो नव्हता. डिस्क बिघडायच्या आधीही नव्हता, कधीच नव्हता. हे फक्त आनंदराजला ठाऊक होतं, आणि डिस्कच उघडत नाही म्हटल्यावर ते आता कुणाला कळायचं कारण उरलं नव्हतं.

त्याच्या धंद्यात त्यानं एक रीत पाडून घेतली होती, कुणी न सांगता. लग्नात हार पडले, जेवणावळी सुरू झाल्या, नवरा-नवरी जरा टेकले, की तो कॅमेरा घेऊन मांडवाच्या कडेनं हिंडायचा. कडेला खुर्च्यांवर, सतरंजीवर म्हातारी माणसं बसलेली असायची, ज्यांना तास तास कुणी विचारत नसतं. एकेकाला भिंतीच्या बाजूला वळवून, चेहऱ्यावर उजेड घेऊन, तो एकट्याचा एक फोटो काढायचा. लग्नाच्या अल्बममध्ये तो जात नसे. वर्ष-दोन वर्षांनी त्या गावातून फोन यायचा, "भाऊ, पोरीच्या लग्नात आमच्या म्हाताऱ्याचा एक काढल्ता न्हवं तुमी?" आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावावा तर माणूस पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो, आणि गेलेल्या माणसाला चार लोकांत तसं कोण बसवणार. मग आनंदराज ते फोल्डर उघडायचा, गाव आणि नाव बघून चेहरा काढायचा, मागं आकाशी रंग भरायचा, हवा तर कोट, हवा तर फेटा, आणि तासाभरात फोटो धाडून द्यायचा. फोल्डरला त्यानं 'ज्येष्ठ' नाव दिलं होतं. अकराशेच्या वर चेहरे होते त्यात. आणि म्हाताऱ्यांना सगळं कळायचं. कुणी पदर नीट करायची, कुणी खिशातली कवळी काढून बसवायचा. लोह्याच्या एका लग्नात एका आजीनं मात्र तोंड फिरवलं होतं. "मला न्हाई जायचं इतक्यात," ती म्हणाली होती, आणि आजूबाजूचे सगळे हसले होते, ती सोडून.

निवृत्त झाल्यावर बाबाही लग्नांना यायला लागले. घरी बसून करायचं काय, म्हणायचे. स्टँडवरचा दिवा धरायचे, वायर गुंडाळायचे, आणि हळूच कोपरानं ढोसून दाखवायचे, "आनंदा, त्या खांबाजवळच्या आजीचा घे. लई दिवस न्हाईत तिचे." गाडी अर्धा तास लेट आहे असं सांगावं तितक्या सरळपणे सांगायचे, आणि त्यांचं क्वचितच चुकायचं. आनंदराजला तेव्हा त्यात काही वाटत नसे. वाटायला लागलं ते आईनंतर. रूपालीच्या लातूरच्या नव्या घराचा गृहप्रवेश होता, आई निळ्या साडीत ओसरीवर बसली होती, उजेड चांगला होता, त्यानं तिचा फोटो घेतला. चौथ्या महिन्यात आई गेली. पुण्यानुमोदनाला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, फोटो काय जिवंत आलाय. त्यानंतर एका दुपारी त्यानं ते फोल्डर उघडलं आणि त्यातले किती उरलेत ते मोजायला लागला, आणि मोजता मोजता मधेच थांबला. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातला माणूस तो. दारावर लिंबू बांधणाऱ्या शेजाऱ्याला बाबांनी चहा पाजून तासभर समजावलेलं त्यानं लहानपणी पाहिलेलं. आपल्या बोटात काहीतरी आहे, आपण फोटो काढला की माणूस जातो, असं तो कुणाला सांगणार होता? विशाखाला सांगितलं असतं तर ती आधी हसली असती आणि मग काळजीत पडली असती. बाबांना सांगितलं असतं तर ते नुसते बघत राहिले असते, आणि त्या बघण्याचीच त्याला जास्त भीती होती.

आणि चार वर्षांपूर्वी देगलूरच्या एका लग्नात, जेवणं चालू असताना, बाबा आपण होऊन भिंतीलगतच्या खुर्चीवर जाऊन बसले. दिवा त्यांनी स्वतःच स्वतःकडं वळवून ठेवला होता. दाढी घोटलेली, पांढरा शर्ट, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. "घे," म्हणाले. "माझा बी एक घेऊन ठिव. मग ऐन टायमाला पळापळ नको." आनंदराजनं कॅमेरा डोळ्याला लावला. बाबा ताठ बसले होते, चेहरा किंचित डावीकडं, जसं ते दुसऱ्यांना बसवायचे तसं. आणि आत, कोपऱ्यात, लुकलुकत होतं की कॅमेऱ्यात कार्ड नाही. एरवी तो म्हणाला असता, थांबा बाबा, कार्ड टाकतो. तोंडापर्यंत आलंही होतं. पण बोट खाली गेलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा फ्लॅश पडला, तिन्ही वेळा बाबांनी डोळे मिटू दिले नाहीत. "झालं. झकास आला," तो म्हणाला. "दाखीव की," बाबा म्हणाले. "कॉम्प्युटरवर घेतो अन् दाखवतो." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. आपण त्यांना फसवलं नाही, वाचवलं, असं तो रात्री बसमध्ये डोळे मिटून स्वतःला समजावत आला. पुढं दर वर्षी बाबांचा वाढदिवस पार पडला की ते खरंच आहे असं त्याला वाटायचं, आणि मनात कुठंतरी तो त्याचं श्रेयही घ्यायचा.

आता दुकानात, अर्ध्या अंधारात, तो चौकोन अजून विचारतच होता. माउसचा बाण आनंदराजनं त्या बटणावर नेऊन ठेवला. फार तर काय होईल? आधीच गेलंय. एकदा दाबलं की कुणी उकरून काढायला नको, कुणी शोधायला नको. रविवारी पासावरचा मिशावाला फोटो मोठा करून लावू, डिस्क गेली म्हटल्यावर लोक उलट हळहळतील. तेवढ्यात शटरखालून वाकून रूपाली आत आली. विशाखानं त्याच्यासाठी डबा दिला होता. तिनं पडद्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि डबा टेबलावर ठेवून त्याचा हात मनगटाला धरून माउसवरून बाजूला केला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, तिचं हात धरणंही तसंच होतं. "काय बी दाबू नको दादा," ती म्हणाली. "आमच्या शाळेची डिस्क बी असंच म्हणत होती. लातुरात शिवप्रसाद म्हणून एक जण हाय, क्लासवाल्यांचे गेलेले व्हिडिओ तोच परत काढून देतो. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ."

"इतक्यासाठी लातूर?" आनंदराज म्हणाला.

"इतक्यासाठी म्हंजे? बाबांचा फोटो हाय त्याच्यात," रूपाली म्हणाली, आणि डिस्क तिनं स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

शुक्रवारी सकाळच्या एसटीत डिस्क तिच्या मांडीवर होती, टॉवेलमध्ये गुंडाळलेली, वर दोन्ही हात. आनंदराज खिडकीशी बसला होता. तीन रात्रींची झोप डोळ्यांत साचली होती, पण डोळे मिटले की कॅमेऱ्यातला तो लुकलुकता कोपरा दिसायचा, म्हणून तो बाहेर बघत राहिला. लोहा गेलं, माळाकोळी गेलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, मधेच तुरीचा हिरवा पट्टा. रूपाली मधूनच बोलायची. बाबा तिला फोनवर काय काय सांगायचे, दर रविवारी न चुकता, विशाखाच्या हातच्या भाकरीपासून नातवाच्या मार्कांपर्यंत. तो हं हं म्हणत होता. आपण हिला आत्ता, या बाकावर, सांगून टाकावं, असं त्याच्या मनात अहमदपूरपर्यंत चार वेळा आलं. प्रत्येक वेळी कुणीतरी चढलं, कुणीतरी उतरलं, कंडक्टरनं घंटी मारली. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या मागोमाग 'का' येणार होतं, आणि त्या 'का'चं उत्तर दिवसाउजेडी, पन्नाशीच्या माणसानं, धाकट्या बहिणीला द्यायचं म्हणजे जीव नकोसा होत होता. त्यापेक्षा लातूरच्या त्या माणसानं डिस्क हातात घेऊन नाही म्हणून मान हलवावी. मान हलवायला तो काही कमी पैसे घेणार नव्हता, पण तेवढे द्यायची आनंदराजची तयारी होती.

शिवप्रसादचं दुकान क्लासेसच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. त्यानं डिस्क कानाशी धरून ऐकली, डॉक्टर छाती ऐकतो तशी. "आवाज साफ हाय," तो म्हणाला. "तुमी काय दुरुस्त करायचा प्रयत्न केला का? न्हाई? लई चांगलं केलं. लोकं घरीच खटाटोप करून ऱ्हातात अन् आपल्याकडं मढं आणतात." रूपालीनं मान खाली घातली, तसा तो ओशाळला आणि चष्मा नाकावर घेऊन कामाला लागला. मूळ डिस्कला हात लावायचा नाही, आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, आणि जे काय करायचं ते नकलेवर. तो करता करता सांगत होता. चारेक तास लागतील. आनंदराजनं विचारलं, "येईल का पण? सगळं शून्य दाखवतंय." शिवप्रसाद म्हणाला, "शून्य म्हंजे तिला तिचं तिलाच कळंना झालंय, कुठं काय ठिवलंय ते. माल आत हाय. लायब्ररीचं रजिस्टर हरवलं म्हणून पुस्तकं कुठं जातात?" हे ऐकून रूपालीनं डोळे पुसले, आणि आनंदराज पाणी पिऊन येतो म्हणून जिन्यात जाऊन उभा राहिला.

जिन्यात असतानाच फोन वाजला. नायगावकडचे शेषेराव होते. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यानं काढले होते. "गजभारे भाऊ, आमची आय गेली सकाळी," शेषेराव म्हणाले. आवाज बसलेला होता. "रत्नम्मा. ध्यानात हाय का? हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ. तुमी तिला हसवून फोटो काढल्ता. तिनं जिंदगीत दुसरा काढू दिला न्हाई. आमच्या घरात तेवढा एकच हाय बघा, अन् तो बी तुमच्याकडं." आनंदराजला ध्यानात होतं. ती हसली होती कारण बाबा दिवा धरून तिला म्हणाले होते, आजी, नवरीपरीस तुमीच बऱ्या दिसून राहिल्या. "बघतो," तो म्हणाला. "सापडला की लगेच धाडतो." "सापडंल ना पण?" शेषेरावांनी विचारलं. आनंदराज जिन्याच्या पायरीवर बसला. गुरुवारी सकाळी बोटाखाली असलेलं ते बटण त्याला आठवलं, आणि त्या बटणाखाली रत्नम्माही होती, लोह्याची ती आजी सोडली तर सगळे अकराशे होते, ज्यांना त्यानं भिंतीकडं वळवून बसवलं होतं आणि ज्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवून पदर नीट केले होते. स्वतःची लाज झाकायला तो त्या सगळ्यांना दुसऱ्यांदा मारायला निघाला होता. "सापडंल," तो म्हणाला, आणि फोन ठेवून वर आला, आणि पुढचे साडेतीन तास स्टुलावर बसून त्या पडद्यावरचा हिरवा पट्टा इंचाइंचानं सरकताना बघत राहिला. आता तो डिस्क यावी म्हणून बसला होता. आली की आपलं काय होणार हे त्याला कळत होतं, आणि तरी ती यावी असंच त्याला वाटत होतं. इतका थकवा त्याला घाटावर चितेपाशी उभं असतानाही आला नव्हता.

चारच्या पुढं शिवप्रसादनं खुर्ची पुढं ओढली. डिस्कच्या सुरुवातीचा भाग, जिथं सगळी मांडणी लिहिलेली असते, तेवढाच खराब झाला होता. त्याची एक नक्कल डिस्क स्वतःच शेवटच्या टोकाला सांभाळून ठेवते. त्यानं ती शोधली, पुढं आणून बसवली, आणि एकेक करून पिवळी फोल्डरं उमटायला लागली. नावासकट, तारखांसकट. भोकर, मुखेड, उमरी, देगलूर. 'ज्येष्ठ'. आनंदराजनं आधी नायगाव काढलं. रत्नम्मा नथीआडून हसत होती. तो फोटो त्यानं तिथल्या तिथं मोबाइलवर घेऊन शेषेरावांना धाडला, आणि पलीकडून लगेच दोन जोडलेले हात आले.

"आता बाबा," रूपाली म्हणाली.

शिवप्रसादनं शोधायच्या चौकटीत व्यंकटराव लिहिलं. काही आलं नाही. बाबा लिहिलं, तर नऊ बाबा आले, सगळे दुसऱ्यांचे. रूपाली पडद्याशी वाकली आणि ओळीनं चेहरे बघायला लागली, बोट लावून, वहीतल्या चुका तपासाव्यात तशी. तिचं बोट तिसऱ्या ओळीवर असताना आनंदराज म्हणाला, "रूपा, त्यात न्हाई."

"दुसऱ्या फोल्डरात असंल मग."

"कुठंच न्हाई. मी काढलाच न्हवता."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. देगलूरचं लग्न, भिंतीजवळची खुर्ची, लुकलुकणारं अक्षर, तीन वेळा पडलेला फ्लॅश. आईचा निळ्या साडीतला फोटो आणि त्यानंतरचे चार महिने. उभ्यानंच सांगितलं, परक्या माणसादेखत, आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फारच थोडा वेळ लागला. शिवप्रसाद पाठ करून दुसऱ्याच कुठल्यातरी वायरी गुंडाळत बसला होता. रूपाली रागावेल, रडेल, निदान का म्हणून विचारेल, याची आनंदराज वाट पाहत होता. तिनं पडद्यावरचं बोट काढून घेतलं.

"देगलूरचं मला माहीत हाय," ती म्हणाली. "बाबांनीच सांगितलं होतं, तवाच. भरलेलं कार्ड तू त्यांच्याजवळ दिल्तास अन् रिकामं घ्यायचं ऱ्हायलं होतं. दोन्ही कार्डं त्यांच्याच खिशात. तू बटन दाबून राहिला, अन् ते खिशावर हात ठिवून बसले. म्हणले, पोरगं भेलंय त्याची आई गेल्यापासून. आपुन काय बोलावं. काढंल त्याला वाटंल तवा."

आनंदराज स्टुलावर टेकला. मग त्यानं विचारलं, "तुला ठावं होतं, तर इथवर कशाला आलीस?"

"मंगळवारी तू सगळ्यांपुढं म्हणालास ना, माझ्याकडं हाय म्हणून." रूपालीनं रिकामा टॉवेल उचलून त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मला वाटलं, पुढं कवातरी काढला असशील. चार वर्षं होती, दादा."